पडद्याच्या उलट्या बाजूनं



परवा आमच्या गटाची बैठक होती. हप्त्यांचा हिशेब झाला, वहीवर सह्या झाल्या, आणि चहाला उकळी फुटेपर्यंत गप्पा निघाल्या. एकीनं विचारलं, "तुम्ही पहिला सिनेमा कुठं पाहिला?" लेकीसुना म्हणाल्या, मोबाइलवर. त्यांच्या आयांनी शेजारच्या घरातल्या टीव्हीचं नाव काढलं. कोपऱ्यात बसलेल्या आजी मात्र म्हणाल्या, "आम्ही यात्रेतल्या तंबूत पाहिला. पण पडद्याच्या उलट्या बाजूनं."

उलट्या बाजूनं म्हणजे कसं? आजींनी समजावून सांगितलं. तंबूच्या मधोमध पांढरा पडदा टांगलेला. ज्या अंगाला मशीन, त्या अंगाला पुरुष. पडद्याच्या पलीकडं बायका. कापड पातळ, त्यामुळं चित्र दोन्हीकडून दिसायचं. फक्त पलीकडून सगळं उलटं. नायक डाव्या हातानं जेवायचा, डाव्या हातानं तलवार चालवायचा. आणि सुरुवातीला नावं येतात ती अक्षरंही उलटी. "मग वाचायची कशी?" असं एका पोरीनं विचारलं, तर आजी हसल्या. "बाई, सुलटी असती तरी आम्हाला कुठं वाचता येत होती?"

सगळ्या हसल्या, पण आमच्या काही ते डोक्यातून जाईना. एकाच पडद्यासाठी बाईला दुसरी बाजू का? आणि पडद्यावर, बोर्डावर उभी राहणारी बाई कोण होती? म्हणून आजच्या बोलण्यात तंबूतल्या खेळाची गोष्ट सांगायची ठरवली आहे.

आपल्या भागात पूर्वी पक्क्या भिंतीचं थिएटर म्हणजे शहराची चैन. पुण्यात १९१५ साली आर्यन सिनेमा उभा राहिला, मुंबईत त्याच्याही आधी थिएटरं होती. खेड्यापाड्यातल्या माणसाचं थिएटर मात्र बैलगाडीतून, पुढं ट्रकमधून यायचं. सुगी झाली, हातात चार पैसे खुळखुळू लागले, की यात्रा-जत्रांचे दिवस सुरू. आपल्याच जिल्ह्यात मढीच्या कानिफनाथाची यात्रा होळीपासून पाडव्यापर्यंत चालते, गाढवांचा बाजार भरतो. अशा यात्रेत पाळणे, रेवडीची दुकानं आणि बांगड्यांच्या पालांच्या शेजारी दोन मोठे तंबू हमखास दिसायचे. एक तमाशाचा, दुसरा सिनेमाचा. तमाशात गण, गवळण, बतावणी, लावणी आणि शेवटी वग, असा सगळ्या चवींचा खेळ एका तिकिटात मिळायचा. सिनेमाच्या तंबूत रामायण, महाभारत, संत, मारामारी, गाणी. पाऊस लागला की दोन्ही तंबू गुंडाळून ठेवायचे, ते दिवाळीनंतर पुन्हा उघडायचे.

आता थोडं मागं जाऊ.

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात फ्रान्सच्या ल्युमिए बंधूंची हलती चित्रं पहिल्यांदा दाखवली गेली. तिकीट एक रुपया, म्हणजे गरिबाला दारही दिसायचं नाही. आठवड्याभरात खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेला, चार आण्यांपासून तिकिटं निघाली आणि जाहिरातीत एक खास सोय सांगितली गेली. पडद्यात राहणाऱ्या बायकांसाठी वेगळे बंदिस्त कप्पे! बघा, सिनेमा आपल्याकडं आला त्याच महिन्यात बाईला कुठं बसवायचं हा प्रश्नही आला. आजींच्या तंबूतली उलटी बाजू ही त्या कप्प्यांचीच गरीब बहीण.

पुढं १९१३ साल उजाडलं. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे आपले दादासाहेब, यांनी 'राजा हरिश्चंद्र' हा मूकपट तयार केला. ३ मे १९१३ रोजी तो मुंबईत गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात लोकांपुढं आला. चार रिळं, सुमारे ३,७०० फूट फिल्म. त्या काळी नुसता सिनेमा दाखवून लोकांचं पोट भरत नसे. म्हणून त्याच कार्यक्रमात नाच होता, विनोदी प्रवेश होता, आणि पायांनी वस्तू उडवून झेलणारा एक कसरतपटूही होता. म्हणजे आपला पहिला सिनेमाही थोडासा तमाशाच्या बारीसारखा, सगळं मिळून असलेल्या खेळातच लागला होता.

या सिनेमात तारामतीचं काम कुणी केलं ठाऊक आहे? अण्णा साळुंके नावाच्या पुरुषानं. फाळक्यांनी बाई मिळावी म्हणून खूप शोध घेतला. चांगल्या घरची बाई तर येईनाच, पण नाचगाण्यावर पोट असलेल्या बायकांनीही नकार दिला. कॅमेऱ्यापुढं उभं राहणं त्यांनाही कमीपणाचं वाटलं. शेवटी एका हॉटेलात काम करणारा नाजूक हाताचा हा तरुण सापडला. दहा रुपये पगार होता, तो पंधरा देऊन त्याला तारामती केला, असं सांगतात. हेच साळुंके १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम झाले आणि सीताही तेच झाले! त्या सिनेमात पडद्यावर राम दिसला की लोक पायातली पायताणं काढून हात जोडायचे.

पडद्यावर बाई नव्हती हे खरं. पण पडद्यामागं एक बाई होती, आणि तिच्यावाचून तो सिनेमा झाला नसता. ती म्हणजे सरस्वतीबाई फाळके. नवऱ्यानं सिनेमाचा ध्यास घेतला तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने गहाण ठेवायला दिले. दादरच्या घरात काम करणारी साठ-सत्तर माणसं, त्यांचा दोन्ही वेळचा स्वयंपाक त्यांच्याकडं. दिवसभर चूल, आणि रात्री सगळे झोपले की दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात कच्च्या फिल्मच्या कडेला भोकं पाडायची. त्या भोकांत मशीनचे दाते अडकतात, म्हणून फिल्म पुढं सरकते. एक भोक चुकलं तर चित्र अडखळलं. त्याशिवाय फिल्म धुण्याची औषधं कालवणं, उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडणं, हेही त्यांनी केलं. तारामतीचं काम तूच कर असं नवऱ्यानं म्हटलं, तेव्हा मात्र त्यांनी नाही म्हटलं. मी पुढं उभी राहिले तर मागचं कोण बघणार, हा साधा हिशेब होता.

मैत्रिणींनो, हे ऐकताना आपल्याला आपलंच काही आठवतं का? शेतात राबायचं, गोठा सांभाळायचा, आणि सातबाऱ्यावर नाव मात्र दुसऱ्याचं. सरस्वतीबाईंचं नाव पडद्यावर कधी आलं नाही.

आता आपल्या नेवाशाशी नातं सांगणारी गोष्ट. आपल्या गावात मोहिनीराज आहे. समुद्रमंथनातून अमृत निघालं, तेव्हा विष्णूनं मोहिनीचं रूप घेऊन ते इथंच देवांना वाटलं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. देवळातली मूर्ती देवाची, पण साजशृंगार बाईचा. देवानं बाई व्हावं यात आपल्या गावाला कधीच वावगं वाटलं नाही.

फाळक्यांचा दुसरा मोठा मूकपट नेमका याच मोहिनीवर होता. 'मोहिनी भस्मासुर', साल १९१३. ज्याच्या डोक्यावर हात ठेवीन तो भस्म होईल, असा वर मिळालेल्या भस्मासुराला मोहिनी नाचायला लावते आणि स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवायला लावते. आपली मोहिनी अमृत वाटणारी, ही भस्मासुराला नाचवणारी. गोष्टी दोन, मोहिनी एकच. हा सिनेमा नाशिकला तयार झाला, म्हणजे आपल्या शेजारच्या जिल्ह्यात. आणि यावेळी मोहिनी खरीखुरी मुलगी होती. तिचं नाव कमलाबाई, पुढं कमलाबाई गोखले म्हणून प्रसिद्ध झाल्या. वय जेमतेम तेरा-चौदा. पार्वती झाल्या होत्या त्यांच्या आई दुर्गाबाई कामत. आपल्या सिनेमातल्या पहिल्या स्त्री कलाकार या मायलेकी.

दुर्गाबाई कुठून आल्या? नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, पदरात लहान मुलगी. त्या काळात अशा बाईपुढं वाटा किती? लोकांच्या घरची धुणीभांडी, नाहीतर त्याहून वाईट. दुर्गाबाईंनी फिरत्या नाटक कंपनीची वाट धरली. लोकांनी नावं ठेवली, नात्यागोत्यानं तोंड फिरवलं. पण कमलाबाई चार वर्षांच्या असल्यापासून रंगमंचावर उभ्या राहिल्या. पुढं त्यांचं लग्न झालं, मुलं झाली, आणि ऐन पंचविशीच्या आसपास नवरा गेला. त्यांनीही रडत न बसता नाटकात कामं करून मुलांना वाढवलं. चंद्रकांत गोखले हे त्यांचे चिरंजीव आणि विक्रम गोखले नातू. टीव्हीवर विक्रम गोखल्यांना आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. त्यांच्या मागं दोन एकट्या बायांचे कष्ट होते, हे किती जणींना ठाऊक होतं?

फाळक्यांच्या घरातली लहानगी मंदाकिनीही मागं राहिली नाही. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये तिनं कृष्ण साकारला. म्हणजे बघा, पुरुष सीता झाला आणि पोरगी कृष्ण झाली.

मग बोलपट आले. १९३२ साली कोल्हापूरच्या प्रभात कंपनीनं पहिला मराठी बोलपट काढला, 'अयोध्येचा राजा'. गोष्ट तीच, हरिश्चंद्राची. पण यावेळी तारामती झाल्या दुर्गा खोटे, मुंबईच्या शिकल्यासवरल्या, मोठ्या घरच्या बाई. १९१३ ते १९३२. एकाच तारामतीला पुरुषाच्या अंगावरून बाईच्या अंगावर यायला एकोणीस वर्षं लागली.

१९४० साली प्रभातचाच 'संत ज्ञानेश्वर' आला. आपल्या नेवाशात पैस खांबाला टेकून माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली. त्या माउलींचं काम पडद्यावर केलं शाहू मोडक यांनी, आणि ते आपल्या नगरचे! ख्रिस्ती घरात जन्मलेल्या या नटानं ज्ञानेश्वरही साकारले आणि कितीतरी सिनेमांत कृष्णही. लोकांनी हात जोडले ते रूपाला, घर कुणी विचारलं नाही. मुक्ताई झाल्या होत्या सुमती गुप्ते.

असे सिनेमे तंबूत लागले की घरातल्या म्हाताऱ्याही बायकांना सोडायच्या. देवाचा खेळ आहे, जाऊ द्या. दिवसा गाडीवर भोंगा लावून जाहिरात फिरायची. अंधार पडला की इंजिन धडधडायचं, मशीनमध्ये कोळशाच्या दोन कांड्यांची ठिणगी पेटायची आणि त्या उजेडाचा झोत पडद्यावर जायचा. हजार फुटांचं रीळ दहा-अकरा मिनिटांत संपायचं. मशीन एकच, त्यामुळं रीळ बदलेपर्यंत अंधारात आरडाओरडा, शिट्ट्या. पलीकडच्या बाजूला बायका तेवढ्यात पोरांना पाजून घ्यायच्या, दशम्या सोडायच्या, सासरच्या-माहेरच्या गोष्टी करायच्या. आजी म्हणतात, "सिनेमा किती कळला देव जाणे. पण तीन तास कुणी हाक मारत नव्हतं."

ही झाली सिनेमाच्या तंबूची गोष्ट. शेजारच्या दुसऱ्या तंबूचं काय? तिथं आमच्या आज्यांना उलटी बाजूही नव्हती. तमाशाला बाईमाणसानं जायचंच नाही. आणि गंमत अशी, की तो तंबू उभा होता तोच बायांच्या जिवावर.

तमाशातही आधी पुरुषच लुगडं नेसून नाच्या होत असे. बोर्डावर उभी राहून नाव कमावणाऱ्या पहिल्या बायांमध्ये आपल्या जिल्ह्यातली पवळाबाई होती, संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावची. दलित घरातली ही मुलगी, आणि तिच्या जोडीला शाहीर पठ्ठे बापूराव, म्हणजे ब्राह्मण घरातले श्रीधर कुलकर्णी. पवळाबाईच्या रूपाचं आणि गळ्याचं कौतुक मुंबईपर्यंत झालं. गावोगावच्या पुरुषांनी तिला डोक्यावर घेतलं, आणि घरी येऊन आपल्या बायकांना सांगितलं, तिकडं फिरकू नका.

विठाबाई नारायणगावकरांचं नाव तुम्ही ऐकलंच असेल. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या. मध्येच कळा सुरू झाल्या. पडद्यामागं गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ ठेचून तोडली आणि पुन्हा नाचायला उभ्या राहिल्या. लोकांना कळलं तेव्हा त्यांनीच हात जोडून खेळ थांबवायला लावला. ही गोष्ट सगळीकडं शौर्याची म्हणून सांगतात. आम्हाला ती ऐकताना दुसरंच वाटतं. बाळंतपणाच्या दिवशीही सुट्टी घेता येऊ नये, कारण खेळ बुडाला तर फडातल्या सगळ्यांची भाकरी बुडते, हे केवढं ओझं! विठाबाईंना राष्ट्रपतींच्या हातून सन्मान मिळाला, तरी अखेरचे दिवस हलाखीत गेले. २००२ साली त्या वारल्या.

संगमनेरच्या कांताबाई सातारकर तर फडाच्या मालकीण झाल्या. वगात त्या शिवाजी महाराजांसारख्या पुरुषांच्या भूमिका करायच्या, आणि बघणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. स्वतःचा फड, स्वतःचा तंबू, पन्नास-शंभर माणसांचं पोट. गुढीपाडव्याला नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी येऊन यात्रेच्या सुपाऱ्या ठरवतात. त्या पुरुषांच्या बाजारात एका बाईनं आपल्या खेळाचा भाव ठरवायचा, ही साधी गोष्ट नव्हती. मे २०२१ मध्ये करोनानं कांताबाईंना नेलं. त्या दोन वर्षांत यात्रा बंद, तंबू बंद, आणि फडांवर कर्जाचे डोंगर.

१९५९ साली 'सांगत्ये ऐका' आला, जयश्री गडकरांचा. गोष्ट तमाशातल्या बाईची. पुण्यात विजयानंद थिएटरात तो १३१ आठवडे, म्हणजे अडीच वर्षं चालला. गंमत बघा. तमाशातली बाई पडद्यावर आली तेव्हा घरंदाज बायकांनी डोळ्यांतून पाणी काढून पाहिली. तीच बाई शेजारच्या तंबूत जिवंत उभी होती, तिच्याकडं मात्र पाठ.

आम्ही कुणाला दोष द्यायला हे सांगत नाही. दोष द्यायचाच तर 'चांगल्या घरची' या दोन शब्दांना द्यावा. त्या शब्दांनी एका बाईला पडद्याच्या मागं बसवलं, दुसरीला बोर्डावर नाचवलं, आणि दोघींना एकमेकींचं तोंड बघू दिलं नाही. दुर्गाबाईंना त्याच शब्दांनी वाळीत टाकलं आणि पवळाबाईला त्याच शब्दांनी गावकुसाबाहेर ठेवलं.

हळूहळू चित्र पालटलं. १९७५ साली 'जय संतोषी माँ' आला तेव्हा बायका ताम्हन-निरांजन घेऊन थिएटरात गेल्या, चपला दाराबाहेर काढल्या. १९९१ साली 'माहेरची साडी' आला. अलका कुबल पडद्यावर रडली आणि तिच्याबरोबर अख्खा महाराष्ट्र रडला. बैलगाड्या जुंपून, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून बायका गेल्या. तोवर पडद्याची उलटी बाजू बहुतेक ठिकाणी संपली होती. मध्ये दोरी किंवा कनात, अलीकडं बायका, पलीकडं पुरुष, पण चित्र सगळ्यांना सुलटं.

मग घरोघर टीव्ही आला. १९८७ साली 'रामायण' मालिका लागली, तेव्हाच तंबूवाल्यांना धास्ती बसली होती. पुढं मोबाइल आला आणि तंबू विरळ झाले. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या शेवटच्या फिरत्या टॉकीजवर 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट केला. २०१६ साली तो फ्रान्समध्ये कान महोत्सवात दाखवला गेला, तिथं त्याची खास दखल घेतली गेली. ज्या देशातून पहिलं मशीन आलं, त्याच देशात आपला गंजलेला ट्रक आणि फाटका तंबू जाऊन आला.

आता शेवटचं. तंबूंची ही गोष्ट कागदावर थोडी आहे, आणि जी आहे ती मालकांची, शाहिरांची, दिग्दर्शकांची. उलट्या बाजूनं पाहणाऱ्यांची गोष्ट म्हाताऱ्या बायकांच्या आठवणीत आहे, आणि त्या एकेक करून चालल्या आहेत. म्हणून आमचं दोन कामांचं सांगणं आहे.

एक, तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत सगळ्यांत थोरल्या बाईला विचारा. पहिला खेळ कोणता पाहिला? कुठं बसलात? कुणाला विचारून गेलात? जी लिहू शकते तिनं लिहून घ्या, जमलं तर मोबाइलवर आवाज भरून ठेवा. आपल्या रेडिओवर तो लावू.

दोन, तुमच्या गावात, वस्तीवर तमाशात, भजनात, भारुडात आयुष्य घालवलेली एखादी म्हातारी असेल. वयस्क साहित्यिक-कलावंतांसाठी राज्य सरकारची मानधन योजना आहे. तिचं नाव त्यात आहे का, पंचायत समितीत चौकशी करा. कागद गोळा करायला तिच्याबरोबर जा. आणि जाता जाता तिला आपल्या बैठकीलाही बोलवा. तिच्या खेळाला आपल्याला जाऊ दिलं नव्हतं. तिनं आपल्या ओसरीवर येऊन चहा घ्यायला तर कुणाची आडकाठी नाही ना?

आजींना आम्ही निघताना विचारलं, "मग कधी सुलट्या बाजूनं पाहिला की नाही सिनेमा?" म्हणाल्या, "पाहिला की. नात घेऊन गेली नगरला. नायक उजव्या हातानं जेवत होता. मला आधी वाटलं, हा चुकलाच!"

पुढच्या वेळी भेटू. तोवर रामराम.